बायपास झालेल्या माणसाच्या किडनीत गाठ निघाली तर काय करायचं

बाबांच्या बायपासला सहा वर्षं झाली होती. सोयाबीन निघायचे दिवस, घरात मळणीची धामधूम, आणि बाबांचं पोट धरलेलं. गॅस असेल म्हणून तालुक्याला सोनोग्राफी केली, तर डाव्या किडनीत गाठ दिसली. त्या रात्री ओसरीवर बसून बाबा म्हणाले, "एकदा छाती फाडली, आता पोट काहाले फाडता? राहू द्या." शेजारचे दोघं-तिघंही हेच सांगून गेले, की हार्टच्या माणसाला पुन्हा भूल चालत नाही.

ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी माणसं वेळ घालवतात. बायपास झालेल्या, स्टेंट टाकलेल्या, झडप बदललेल्या माणसांचं किडनीचं ऑपरेशन होतं आणि नीट तयारी केली तर बहुतेक जण सुखरूप घरी येतात. मात्र ही तयारी अर्धी दवाखान्याची असते आणि अर्धी आपली. आपल्या वाट्याची तयारी कशी करायची, ते बाबांच्या वेळी आम्ही ठेचकाळत शिकलो. नंतर आजूबाजूच्या गावातल्या काही घरांसोबत मी नागपूर-सेवाग्रामच्या चकरा केल्या. त्या सगळ्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. काय विचारायचं आणि काय सोबत न्यायचं, एवढंच मी सांगतो.

पहिल्या आठवड्यात

सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणजे ती कॅन्सरचीच असं नाही. पाण्याची साधी गाठ कितीतरी जणांच्या किडनीत असते आणि तिला काही करावं लागत नाही. गाठ घन आहे असं लिहून आलं, तर पुढची तपासणी म्हणजे पोटाचा सीटी स्कॅन, तोही शिरेतून औषध सोडून केलेला. ते औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, किडनी किती काम करते ते त्यावरून कळतं. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर स्कॅनच्या आधीच सांगा. बऱ्याच जणांना वाटतं की आधी तुकडा काढून तपासतील. किडनीच्या गाठीत तसं नेहमी करत नाहीत, सीटीवरूनच बराच अंदाज येतो.

रिपोर्टमध्ये गाठीचं माप शोधा. ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ लहान समजतात, ७ च्या वरची मोठी. लहान गाठी बहुधा हळू वाढतात, वर्षाला काही मिलिमीटर. म्हणून वय झालेलं असेल, हृदय अशक्त असेल आणि गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असेल, तर डॉक्टर कधी कधी म्हणतात की आत्ता चिरायचं नाही, दर काही महिन्यांनी स्कॅन करून नजर ठेवू. हा टाळाटाळीचा सल्ला नाही, जगभर मान्य असलेली पद्धत आहे. सुई घालून गाठ जाळण्याचा किंवा गोठवण्याचा उपायही लहान गाठींसाठी असतो. "बाबांच्या गाठीला यातलं काही चालेल का?" हे तोंडाने विचारा, विचारल्याशिवाय राहू नका.

लघवीत रक्त दिसलं, वजन उतरत गेलं किंवा गाठ मोठी असली, तर मात्र कापूस वेचून होऊ द्या, मग बघू असं करू नका. आमच्याकडे सगळी कामं हंगामाला बांधलेली असतात. हे काम तसं नाही.

फाईल

बायपासची फाईल आमच्याकडे धान्याच्या कोठीमागे पिशवीत सापडली. आतली ईसीजीची पट्टी उघडली तर कोरी पांढरी. ती पट्टी उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असते. विदर्भातल्या दोन-तीन उन्हाळ्यांत, पत्र्याखाली ठेवली, की अक्षरं उडून जातात. म्हणून जुनी असो नवी असो, प्रत्येक ईसीजीची झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा.

फाईलमध्ये सगळ्यात मोलाचं म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. किती नळ्या जोडल्या, कोणत्या तारखेला, त्या वेळी हृदयाचा जोर किती होता, हे त्यात असतं. स्टेंट असेल तर स्टेंटचं कार्ड, झडप असेल तर ती धातूची की प्राण्याच्या ऊतीची हे लिहिलेलं कार्ड, पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड. पेसमेकरचं तर आवर्जून सांगाच. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेचं हत्यार वापरतात, त्याचा पेसमेकरवर परिणाम होऊ शकतो. आधी माहीत असलं तर त्याची सोय करून ठेवता येते.

कार्ड हरवलं असेल तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात नाव, साल आणि आधार घेऊन जा. एक चकर वाया गेली तरी चालेल, पण जा. सीटीची फिल्म पाहायला बरी असते, पण सर्जनला सीडी लागते. ती सुती कापडात गुंडाळून ठेवा. आणि गोळ्यांची नावं सांगत बसू नका, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका डब्यात घालून डबाच टेबलावर ठेवा. याचं कारण पुढे येतंच.

कुठे जायचं

माझं ठाम मत आहे की या रुग्णाला अशाच ठिकाणी न्यावं, जिथे मूत्ररोगाचा सर्जन, हृदयरोगतज्ज्ञ आणि आयसीयू एकाच आवारात आहेत. किडनीचं ऑपरेशन एका गावात आणि हार्टचा डॉक्टर दुसऱ्या गावात असला, की चिठ्ठ्या घेऊन धावणं आपल्या नशिबी येतं आणि चिठ्ठीतला एक शब्द इकडचा तिकडे होतो. नागपुरात मेडिकलचं सुपर स्पेशालिटी आहे, मिहानमध्ये एम्स आहे, कॅन्सरसाठी राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. वर्ध्याकडच्या लोकांना सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगी मेघे जवळ पडतं. अमरावतीला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. कोणत्या वारी कोणती ओपीडी असते हे फोनवर विचारून निघा, नाहीतर पहाटेची एसटी पकडून गेलेला माणूस संध्याकाळी कोराच परत येतो.

गाठीची शेपटी किडनीच्या शिरेतून पोटातल्या मोठ्या शिरेत वर चढली आहे असं सीटीत आलं, तर गोष्ट वेगळी. ती शेपटी वर हृदयापर्यंतही जाऊ शकते, आणि मग छाती उघडण्याची, हृदय-फुप्फुसाच्या मशीनची गरज पडू शकते. छाती आधीच एकदा उघडलेली असली की आत सगळं चिकटलेलं असतं. असा रुग्ण हृदयाची शस्त्रक्रिया होते अशाच मोठ्या ठिकाणी न्या, वाटेत थांबू नका.

पैशाचं: महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता रेशनकार्डाचा रंग कोणताही असला तरी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का, हे आजच पाहा. एका अक्षराच्या फरकाने आमचे चार दिवस गेले. दवाखान्यात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, भेटा आणि नेमकं विचारा: हा दवाखाना किडनीच्या कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी योजनेत आहे का? योजनेत नाव असूनही एखादी शाखा त्यात नसते. पूर्वपरवानगी आल्याशिवाय स्वतः पैसे भरू नका, कारण भरलेले पैसे नंतर परत मिळण्याची सोय या योजनेत नाही. योजनेचा फोन १५५३८८. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते, त्याचा फॉर्म दवाखान्यातूनच भरून मिळतो.

हृदय पुन्हा तपासणं

आता ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्ताच्या तपासण्या होतात. पण हृदयाच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न साधाच असतो: न थांबता दोन जिने चढता का? आमच्या गावात जिनेच नाहीत. बाबा म्हणाले, "चढत नाही." डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. मी मग सांगितलं, की ते रोज सकाळी शेतापर्यंत दीड किलोमीटर भरभर चालत जातात, नाल्याचा चढ चढतात आणि दम लागत नाही. त्यावर डॉक्टरांचा चेहराच बदलला. रुग्ण घरी काय काय करू शकतो हे घरच्यांनी खरं आणि तपशिलाने सांगायचं. वाढवून नाही, लपवूनही नाही. रात्री दोन उशा लागतात का, पायाला सूज येते का, चालताना छाती भरून येते का, यातलं काही नवीन सुरू झालं असेल तर ते आधी बोला.

कधी असा सल्ला येतो की आधी अँजिओग्राफी करू, लागलं तर स्टेंट टाकू, मग किडनी. छातीत दुखत असेल, त्रास वाढला असेल तर ते बरोबरच आहे. पण काहीही त्रास नसताना, फक्त ऑपरेशन सोपं जावं म्हणून स्टेंट टाकल्याने धोका कमी होतो असं मोठ्या अभ्यासात दिसलेलं नाही. उलट नवा स्टेंट बसला की रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने, अटॅकमुळे बसवला असेल तर वर्षभर चालवाव्या लागतात. गाठ फार थांबण्यासारखी नसेल तर तीन महिन्यांनंतर विचार करतात. म्हणून नम्रपणे विचारा: "साहेब, स्टेंट टाकला तर किडनीचं ऑपरेशन किती लांबेल? तेवढं थांबणं चालेल का?" या प्रश्नाचं उत्तर हृदयाच्या डॉक्टरांनी आणि किडनीच्या सर्जनने एकमेकांशी बोलून द्यायचं असतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आमचीही झाली.

भरतीच्या आधी फोनवर निरोप आला, "रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद करा." बाबा एक कॅप्सूल घेत होते. आम्ही ती बंद केली. भरतीच्या दिवशी भूलतज्ज्ञ बाईंनी डबा उघडून पाकीट उलटं केलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "ही कधीपासून बंद आहे?" त्या एका कॅप्सूलमध्ये तीन औषधं होती: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन. बंद करायचं होतं फक्त क्लोपिडोग्रेल. बायपासच्या माणसाची ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी त्यांना चालूच ठेवायची होती. ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं आणि घरी आईने देवाला नवस बोलला.

म्हणून "गोळी बंद करा" एवढ्यावर कधीच थांबू नका. कोणतं औषध, कोणत्या तारखेपासून, आणि कोणतं चालू, हे कागदावर मागा. तीन औषधांची एकच कॅप्सूल असेल तर वेगवेगळ्या गोळ्या लिहून द्यायला सांगा. साधारण असं असतं: ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी थांबवतात, टिकाग्रेलोर तीन ते पाच. बीपी-नाडीची मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक तोडायची नसते, तोडली तर नाडी उसळते. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवशी बरेचदा थांबवतात. साखरेसाठी किंवा अशक्त हृदयासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल, तर ती किमान तीन दिवस आधी थांबवावी लागते. ही गोळी सांगायची हमखास राहून जाते, कारण घरात ती "शक्तीची" म्हणून ओळखली जाते. यातलं काहीही हा लेख वाचून करू नका. हे आकडे घेऊन डॉक्टरांना विचारा.

धातूची झडप असेल तर आणखी जपून. वॉरफेरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात, ॲसिट्रॉम त्याहून कमी दिवस, आणि मधल्या काळात झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून अनेकांना हेपरिनची इंजेक्शनं देतात. त्यासाठी बऱ्याचदा आधीच भरती व्हावं लागतं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुन्हा करतात. अशा रुग्णाने गोळी घरीच स्वतःच्या मनाने बंद करून बसणं फार धोक्याचं आहे, झडप अडकू शकते, लकवा मारू शकतो.

भूलतज्ज्ञासमोर

इथे आपल्या भागाच्या दोन गोष्टी आहेत.

एक खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. भूलतज्ज्ञ तोंड उघडायला सांगतात आणि तीन बोटं आत जातात का ते पाहतात, कारण भुलीच्या वेळी श्वासनळीत नळी घालायची असते. वर्षानुवर्षं खर्रा खाल्लेल्या माणसाचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. लाजेखातर लपवू नका. आधी कळलं तर दुर्बिणीने नळी घालायची तयारी ठेवतात, टेबलावर कळलं तर जीवाशी येतं. खर्रा, बिडी ज्या दिवशी गाठ कळली त्याच दिवशी सोडा. बिडी किडनीच्या कॅन्सरचं एक कारण आहे, आणि बायपासच्या नळ्यांचीही ती वैरीण आहे.

दुसरी सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात अनेक कुटुंबांत तो आहे आणि बऱ्याच जणांना आपल्यात आहे हे माहीतही नसतं. घरात कोणाला असेल तर सांगा, नसेल माहीत तर तपासणी करून मागा. असा रुग्ण भुलीत थंड पडू नये, प्राणवायू कमी होऊ नये, शरीर कोरडं पडू नये, यासाठी वेगळी काळजी घेतात.

ऑपरेशन आणि नंतरचे दिवस

सर्जनला दोन प्रश्न विचारा. पूर्ण किडनी काढणार की फक्त गाठीचा भाग? लहान गाठीत शक्यतो किडनी वाचवतात, आणि हृदयाच्या रुग्णासाठी ते महत्त्वाचं, कारण किडनीचं काम कमी झालं की हृदयावर ताण येतो. पण गाठच तेवढी काढताना रक्त जास्त जाऊ शकतं, म्हणून कधी पूर्ण किडनी काढणं सुरक्षित ठरतं. दुसरी किडनी चांगली असेल तर माणूस एका किडनीवर आयुष्य काढतो. दुसरा प्रश्न, दुर्बिणीने की मोठी चीर? दुर्बिणीत दुखणं कमी, पण पोटात वायू भरतात, त्याचा दाब अशक्त हृदयाला जड जाऊ शकतो. तो निर्णय भूलतज्ज्ञासोबत होतो. रक्ताच्या पिशव्यांसाठी दोन-तीन तरुण नातेवाईक तयार ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस आयसीयूत ठेवलं तर घाबरू नका. ऑपरेशननंतरचा हार्ट अटॅक बहुतेक याच दिवसांत येतो, आणि दुखण्याच्या औषधांमुळे छातीत कळ जाणवतही नाही, म्हणून ईसीजी आणि रक्त वारंवार तपासतात. तीन छोट्या चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र पुन्हा हाती येईल. बाबा जोरजोराने फुंकत होते. नर्सबाई म्हणाल्या, "काकाजी, फुंकू नका, आत ओढा." बायपासच्या वेळी शिकलेलं विसरले होते. खोकताना तेव्हा उशी छातीशी धरायचे, आता कुशीशी.

घरी आल्यावर

बंद केलेली गोळी कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलं आहे का ते दवाखान्याच्या दारातून बाहेर पडण्याआधी पाहा. नसेल तर परत आत जा.

पाण्याचा घोळ सगळ्या घरांत होतो. किडनीवाले सांगतात भरपूर प्या, हार्टवाल्यांनी पूर्वी सांगितलेलं असतं मोजून प्या. दोघांचं ऐकून रुग्ण बावचळतो. लिटरमध्ये एक आकडा लिहून मागा. आमच्याकडे तो दोन लिटर आला. प्रत्येकाचा वेगळा असतो, आमचा वापरू नका. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा आकडा बदलायचा का आणि लघवी वाढवणारी गोळी कमी करायची का, हेही विचारून घ्या. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला, तर फोन करा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लघवी अचानक लालभडक झाली, गुठळ्या पडल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. किडनीचा भाग काढलेल्या जागी उशिरा रक्तस्राव होऊ शकतो, आणि रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू झालेली असते. लघवी गढूळ झाली असेल म्हणून सकाळची वाट पाहू नका.

अंगदुखीच्या गोळ्या हा आपल्याकडचा मोठा धोका. निंदण करून कंबर धरली की दुकानातून गोळी किंवा डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, ही रीतच आहे. एक किडनी आणि बायपासचं हृदय असलेल्या माणसाला ते वर्ज्य. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक यातलं काही नको. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. घटक माहीत नसलेली भस्मं आणि काढेही नकोत. झडपेचा रुग्ण वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम घेत असेल तर पालक, मेथी यांसारख्या हिरव्या भाज्या एकदम बंद करू नयेत आणि एकदम रोजच्या रोजही खाऊ नयेत. नेहमीइतक्याच ठेवाव्यात, नाहीतर आयएनआर डळमळतो.

सहा आठवडे वजन उचलायचं नाही. फवारणीचा १६ लिटरचा पंप, कापसाचं बोचकं, पाण्याची घागर, सगळं दुसऱ्याने. बाबांना चौथ्या आठवड्यातच पंप पाठीवर घ्यायचा होता. आईने तो शेजारच्या घरी नेऊन ठेवला.

काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल साधारण आठ-दहा दिवसांनी येतो. तो घ्यायला स्वतः जा आणि फाईलमध्ये लावा, पुढच्या तपासण्या किती दिवसांनी हे त्यावर ठरतं. बहुतेकांना पहिली काही वर्षं ठरावीक अंतराने स्कॅन, छातीचा एक्स-रे आणि क्रिएटिनिन असतं, सोबत हृदयाची तपासणी वेगळी. आमच्या घरी कॅलेंडरवर या तारखा लाल पेनाने लिहिलेल्या असतात, पोळ्याच्या आणि पेरणीच्या खुणांच्या शेजारी. पुढची तारीख मार्गशीर्षातली आहे, आणि त्या दिवशीची एसटी सकाळी सव्वासहाची.